डोहाळ्याची माती

सोजरबाईने सुनेचा एकही डोहाळा मोडला नव्हता. तिच्या स्वतःच्या वेळी सासूने तिच्या हातातलं मातीचं ढेकूळ हिसकून घेतलं होतं आणि तो राग तिने सासू मेल्यावरही जपून ठेवला होता. म्हणून वच्छलाला दिवस गेले, तिला माती खावीशी वाटू लागली, तेव्हा सोजरबाई स्वतःच खुरपं घेऊन नाल्याच्या काठावर गेली. भिंती पोतारायची पांढरी, चिकण माती! त्याच काठावर सकाळी अख्खं गाव टमरेल घेऊन बसायचं, पण मातीला कसला आलाय विटाळ! आधी ती ढेकळं तव्यावर भाजून द्यायची. भाजली की वास जातो म्हणून वच्छला कुरकुरली, तशी कच्चीच देऊ लागली. शेजारणी म्हणायच्या, "सासू असावी तं अशी!" सोजरबाई "काहीतरीच!" म्हणायची आणि आणखी ऐकायला थांबायची.

सातव्या महिन्यात वच्छला पाणी आणताना दारातच मटकन बसली. नखं पांढरीफटक, पाय सुजलेले, बोलतानाही धाप. तिच्या नवऱ्याने, जानरावाने, बैलगाडी जुंपली आणि तिघं मंगरूळपीरच्या दवाखान्यात गेली.

तपासणी झाल्यावर नर्स ललिताबाई बाहेर आल्या. "पोटात जंत आहेत हिच्या. रक्त पितात ते. रक्त कमी झालं की मातीची ओढ लागते आणि घाणीतल्या मातीतून आणखी जंत जातात. असंच चाललं तर बाळंतपणात दोन्ही जीव हातचे जातील. माती खाते का ही?"

वच्छलाने सासूकडे पाहिलं.

"मीच आणून देतो," सोजरबाई म्हणाली. आजवर ज्याचा तोरा मिरवला तेच सांगताना तिची जीभ जड झाली.

औषध मिळालं, रक्त वाढायच्या गोळ्या मिळाल्या, जंत अनवाणी पायांतूनही शिरतात म्हणून चप्पल घालायला सांगितलं आणि माती कायमची बंद झाली.

"पण बाई, डोहाळे मोडले तं लेकराची लाय गयते," सोजरबाईने भीत भीत विचारलं.

"लाळ पुसता येते," ललिताबाई म्हणाल्या.

घरी येताच सोजरबाईने मातीचं गाडगं उकिरड्यावर पालथं केलं. तिने फुटाणे दिले, गूळ दिला, पण वच्छलाचं मन कशातच लागेना. एकदा तर खाटेमागच्या भिंतीचा पोपडा खरवडलेला दिसला. सोजरबाईने कडुलिंबाचा पाला वाटला, पोतेऱ्याच्या मातीत कालवला आणि सगळी भिंत हातभर उंच पोतारून काढली. वच्छलाने गुपचूप जीभ लावली आणि थू थू करत रडायलाच बसली.

"तुमी बी तुमच्या सासूसारख्याच निंगाल्या!"

हा घाव बरोबर वर्मी बसला. सोजरबाई गोठ्यामागे जाऊन पोटभर रडली. सासूला जंतांचं काय कळत होतं, कोण जाणे. पण ढेकूळ हिसकताना म्हातारीचा हात थरथरत होता, हे तिला आज पहिल्यांदाच आठवलं. तिने डोळे पुसले आणि सुनेला गोळी द्यायला घरात गेली.

हळूहळू वच्छलाच्या पायांची सूज उतरली. मातीची ओढही ओसरली. दिवस भरल्यावर ती सुखरूप बाळंत झाली. मुलगी बारकी होती, पण रडली मात्र गाव गोळा होईल अशी.

पुढे पोर मांडीवर बसू लागली, तशी तिची लाळ गळू लागली. दात येताना कोणत्या लेकराची गळत नाही? पण ओट्यावरच्या बायांना विषय मिळाला. बेबीबाई हसून म्हणाली, "काहो सोजरबाई, सुनेचे डोहाळे राह्यले वाटते?"

आत वच्छलाचे हात थांबले.

"राह्यले नाही," सोजरबाई म्हणाली, "म्या मोडले. माह्या सासूनं माहे मोडले, तसेच."

मग तिने नातीची हनुवटी पदराने पुसली. पोरीने लगेच पुन्हा लाळ गाळली.

"गयू दे माय, गयू दे," सोजरबाई म्हणाली. "लाय पुसता येते. तू जित्ती हायेस, हे का कमी हाये?"