दोघांत एकच नंबर

मी फाईल बोलतेय. कॉम्प्युटरमधली नव्हे, खरीखुरी, प्लास्टिकची, बटणाची. रंग पूर्वी निळा होता. आता कुठला आहे ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून एका मुलीच्या वडिलांनी मला उचललं. मुलीचा शाळेचा दाखला हा माझ्या पोटातला पहिला कागद. त्यावर आधी तिचं नाव, मध्ये वडिलांचं, शेवटी आडनाव. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे यावरूनच सगळं रामायण घडलं.

मुलगी पुढे दातांच्या कवळ्या बनवायला शिकली. हसू नका. मेणात दात घडवायचा म्हणजे सोन्याच्या नथीइतकं नाजूक काम असतं. त्याची प्रमाणपत्रंही माझ्याकडेच आली. मग तिचं लग्न झालं आणि कागदोपत्री ती नवीच झाली: मधलं नाव नवऱ्याचं, आडनावही नवऱ्याचं. नवरा परदेशात लिफ्ट दुरुस्त करायचा. थोड्याच दिवसांत मी दोन स्वेटरांच्या मध्ये बॅगेत पडले आणि आम्ही तिकडे पोहोचलो.

तिथे सुरुवातीला मी कपाटावर धूळ खात होते. खरं सांगते, मला राग आला होता. पण तिची अवस्था माझ्याहून बरी नव्हती. नवरा माणूस चांगला, फक्त बोलघेवडा. संध्याकाळी घरी आला की कुठली लिफ्ट कुठे अडकली, आत कोण ओरडत होतं, हे सगळं रंगवून सांगायचा. मग विचारायचा, "तुझं काय आज?" तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. ती उठून भांडी आवरायला लागायची.

एक दिवस तिने मला खाली काढून पुसलं आणि आम्ही दोघी एका लॅबमध्ये गेलो. मालक म्हातारा, चष्मा कायम कपाळावर. त्याने तिला मेणाचा एक दात घडवायला दिला. झाल्यावर बराच वेळ भिंगातून बघितला आणि म्हणाला, "उद्यापासून ये. पण एक तारखेच्या आत तुझा टॅक्स नंबर आण. त्याशिवाय मला तुला कायम करता येत नाही, आणि दुसरी एक जण या जागेसाठी वाट बघते आहे."

त्या देशात कमावणाऱ्या प्रत्येकाला कर कचेरीकडून असा नंबर घ्यावा लागतो. परदेशी माणसालाही. नवऱ्याचा नंबर आधीच होता, त्यामुळे तो या विषयातला तज्ज्ञ.

"त्यात काय एवढं? दे इकडे, मी भरतो फॉर्म."

त्याने भरला. नावाच्या रकान्यात तिचं नाव, मग आपलं नाव, मग आडनाव, अगदी आपल्याकडे लिहितात तसं. तिने सही केली. नंबर आला, तिने तो लॅबमध्ये दिला, आणि लॅबची हिशेबनीस बाई तिला हळूच म्हणाली, "अगं, हा नंबर कुणा लिफ्टवाल्याचा आहे."

झालं होतं असं की कचेरीच्या कॉम्प्युटरला नवऱ्याचं नाव दिसलं, आडनाव दिसलं, पत्ताही तोच दिसला. त्याची खात्री पटली की हाच माणूस नाव उलटसुलट लिहून पुन्हा अर्ज करतोय. म्हणून त्याने मोठ्या मनाने जुनाच नंबर पाठवला. नवऱ्यालाही त्याच्या साहेबाने बोलावून विचारलं, "तू फावल्या वेळात कवळ्या करतोस का?"

नवऱ्याला त्या रात्री हे सांगताना हसू आवरेना. ती हसली नाही.

"तुला गंमत वाटतेय," ती म्हणाली. "माझं काम जाईल रे. इतक्या दिवसांनी मिळालंय."



कर कचेरीत तिने मला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की माझं बटण तुटलं. खिडकीतल्या अधिकारी बाई कागद बघून म्हणाल्या, "तुमच्या नावात पुरुषाचं नाव कसं?"

"नवऱ्याचं आहे. आमच्याकडे लावतात."

"मग ते तुमचं लावतात?"

"नाही. ते त्यांच्या वडिलांचं लावतात."

बाईंनी शाळेचा दाखला उचलला. "आणि हे कोण?"

"माझे वडील."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एवढ्या सगळ्यांत तुम्ही कुठल्या?"

"पहिली," ती म्हणाली.

बाई हसल्या. "उद्या दोघं मिळून या. तुम्ही दोन माणसं आहात हे मला एकदा बघू द्या, पुढचं मी करते."

उद्या म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. आम्ही खिडकीसमोर बसलो, नवऱ्याचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाला, "एक आजोबा अडकलेत लिफ्टमध्ये. त्यांना काढतो आणि येतो." तिने फोन ठेवला. तिचा अंगठा तेवढा माझ्या तुटक्या बटणावरून फिरत होता. बाई आवराआवर करू लागल्या आणि तो धावत आत शिरला, ग्रीसने माखलेल्या हातांनी.

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, मग दोन्ही पासपोर्टांकडे.

"दोन," त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "मधलं नाव इथे लागत नाही. ठेवलंत तरी चालेल, पण कॉम्प्युटर परत घोळ घालेल. काय करू?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो रुमालाला हात पुसत राहिला.

"नको," ती म्हणाली. "माझं नाव आणि आडनाव. बास."

कागद छापून आला तेव्हा तो गरम होता. माझ्या पोटात ठेवल्यावरही बराच वेळ त्याची ऊब जाणवत होती.

जिना उतरताना नवरा बोलेना. बोलघेवडा माणूस गप्प बसला की काळजी वाटते.

"राग आला का?" तिने विचारलं.

"छे, राग कसला? आई लग्नात सगळ्यांना सांगत होती, सून आमचं नाव काढेल म्हणून. आज काढलंस."

ती जिन्यातच कठडा धरून हसत सुटली. मीही हसले, पोटातले सगळे कागद हलले.

दुसऱ्या दिवशी ती कायम झाली. आता माझ्याभोवती रबर बँड आहे आणि मी कपाटात निवांत पडून असते. मला कुणी उघडत नाही याचं वाईट वाटत नाही. आमच्या जातीला कुणी बोलावत नाही तेव्हा घरात सगळं सुरळीत चाललेलं असतं.

संध्याकाळी कपाटाच्या फटीतून आवाज येतो. नवरा विचारतो, "तुझं काय आज?" आणि ती सांगायला लागते. कुणाचा दात, कुणाची कवळी, म्हातारा भिंगातून बघून काय म्हणाला. तो मध्येच लिफ्टचं काहीतरी सुरू करायला जातो.

"थांब," ती म्हणते, "माझं संपू दे आधी."