विहिणीचे पाय

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा मी माझे पाय पाहिले. तसे ते रोजच दिसतात, पण नीट पाहिले नव्हते. अर्धापूरच्या केळीच्या चिखलात बत्तीस वर्षं गेलेले पाय. टाचांच्या भेगांत हरभऱ्याचा दाणा बसावा, नखं वाकडी वाढलेली. आणि हे पाय लातूरजवळच्या मुरुडला, भर मांडवात, माझी विहीण सुभद्राबाई परातीत घेऊन धुणार होती. मुलाच्या आईचे पाय मुलीच्या आईनं धुवायचे, हा आमच्याकडचा मान. हा मान ज्या बाईनं काढला ती चिखलात कधी उतरली नसावी.

मुलगा शिवशंकर लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. फोनवर म्हणाला, "आई, पार्लरवाल्या ताईंना घरी पाठवू का?" मी नको म्हणाले. माझ्या टाचा परक्या बाईच्या मांडीवर? जन्मात नाही.

दुपारी पुरुषमाणसं बागेत गेल्यावर मी न्हाणीत पाट टाकला, बादलीत कोमट पाणी घेतलं, टाच घासायची वजरी घेतली आणि वाकले. उजवी टाच झाली. डावीकडे वळले आणि कंबरेत टक्कन झालं. उसण भरली. नळ धरून उठेपर्यंत सगळे देव आठवून झाले.

ओरडले मात्र नाही, कारण ओसरीवर माझी थोरली जाऊ गौरम्मा तांदूळ निवडत होती. ती देगलूरकडची. मनाची वाईट नाही, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला कळलं असतं तर दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झालं असतं: नवरीचा पायगुण बघा, अजून उंबरा ओलांडला नाही आणि सासू आडवी झाली.

हे मी उगाच म्हणत नाही. मी माप ओलांडून या घरात आले त्या दिवशी माझी सासू मला ओवाळायला वाकली ती वाकलेलीच राहिली. महिनाभर खाटेवर होती. तेव्हापासून मी पांढऱ्या पायाची. म्हैस आटली तरी माझे पाय, विहिरीवरची मोटार जळली तरी माझे पाय. माझ्या होणाऱ्या सुनेला, समीक्षाला, हे नाव लागू द्यायचं नव्हतं. कंबर मोडली तरी चालेल, पण ती मोडलेली कुणाला दिसू द्यायची नाही, असं मी ठरवलं. शिवाय डावी टाच राहिलीच होती.

संध्याकाळी कशीबशी बागेत गेले. घड उतरवायचं काम चाललं होतं. कापणारा केळीच्या खोडाला अर्धाच वार देतो. झाड जांभई दिल्यासारखं सावकाश कलतं आणि घड आपसूक खाली येतो. खाली एकजण खांद्यावर गादी ठेवून ताठ उभा असतो. तो तसूभरही वाकत नाही. आमचे मालक किशनराव बांधावर बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कंबर धरली वाटतं."

"न्हाई."

"बरं, न्हाई तर न्हाई. पर एक ध्यानात ठेव. आपुन खांदा घडाकडं नेत न्हाई. घड खांद्याकडं येतो."

या माणसाशी संसार करायचा म्हणजे अर्धं त्यानं बोलायचं आणि अर्धं आपण समजून घ्यायचं. पण हे मला पुरतं समजलं.

दोन दिवस पायांना हात लावला नाही, नुसती कंबर शेकली. तिसऱ्या दुपारी मागच्या पडवीत खुर्ची मांडली आणि कंबरेमागे गोधडीची घडी लावली. समोर एक स्टूल ठेवलं. पाय आधी घमेल्यातल्या गरम पाण्यात सोडायचे, भिजून मऊ झाले की एक पाय स्टुलावर घ्यायचा. वजरी लाकडी उलथन्याच्या दांड्याला सुतळीनं बांधली, म्हणजे हात लांब झाला आणि पाठ खुर्चीला टेकलेलीच राहिली. पहिल्या दिवशी राहिलेली डावी टाच. नखं दुसऱ्या दिवशी, पाय गुडघ्यावर आडवा घेऊन.

गरम पाण्यात पाय सोडले की डोळे जड व्हायचे. पडवीसमोरच बाग आहे. पानांतून गाळून येणारं ऊन हिरवं होतं आणि घमेल्यातलं पाणीही हिरवं दिसतं. त्या दुपारी वाटलं, पाय माझे राहिलेच नाहीत. ते पाण्यातून उठले आणि ओलेच बांधावरून चालू लागले. विष्णुपुरीच्या धरणाच्या भिंतीवरून गेले, गोदावरीच्या काठाकाठानं गेले. घाई कसलीच नव्हती. मी खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मग समोर माझी सासू दिसली. जाऊन अकरा वर्षं झाली तिला. पाटावर बसून, खाली वाकून ती टाच घासत होती. मी म्हणाले, "आत्याबाई, वाकू नका." तिनं मान वर केली नाही. घासतच राहिली. टाच लालबुंद झाली होती, भेगांतून कोवळी कातडी दिसत होती.

मी जागी झाले. पाणी गार झालं होतं. आणि मला आठवलं, ही लाल टाच मी खरोखर पाहिली होती. माझ्या लग्नात. नवरीची मान खाली, तिला सगळ्या मांडवात फक्त पाय दिसतात. माझी आई सासूचे पाय धूत होती आणि शेतात राबणाऱ्या त्या बाईच्या टाचा नुकत्याच सोलल्यासारख्या होत्या.

म्हणजे तीही न्हाणीत एकटीच वाकली होती. तिची उसण माझ्या येण्याआधीची. ती दडवून तिनं लग्न पार पाडलं आणि उंबऱ्यावर ओवाळताना कंबरेनं दगा दिला. तिनं का सांगितलं नाही? लाज वाटली असेल. की मला बोल लागू नये म्हणून? ठाऊक नाही. पण तिनं स्वतः मला एकदाही पांढऱ्या पायाची म्हटलं नव्हतं, म्हणणारे सगळे दुसरे होते. पाय गार पाण्यात ठेवूनच मी पोटभर रडले.

मुरुडच्या मांडवात मी खुर्चीवर बसले. टाचा साफ होत्या, कंबर बरीच मोकळी झाली होती. सुभद्राबाई परात घेऊन आल्या, खाली वाकल्या आणि मध्येच थांबल्या. एक हात कंबरेवर गेला. ओठ घट्ट मिटलेले. ते ओठ मी ओळखले.

हळूच विचारलं, "उसण भरली का, ईनबाई?"

"चार दिस झाले," त्या परातीकडे बघतच पुटपुटल्या. "वाकल्यावर मागून टाचा दिसत्यात सगळ्याला. म्हून घासाया बसले. कुणाला सांगू नका. लेकीला बोल लागंल."

मी पाय मागे घेतला. म्हणाले, "आणखी एक खुर्ची आणा. आन् मधी स्टूल ठेवा."

सुभद्राबाईंना खुर्चीत नीट टेकून बसवलं. परात स्टुलावर ठेवली आणि माझा पाय परातीत. मांडवात कुजबुज झाली. गौरम्मा म्हणालीच, "अगं, खुर्चीत बसून पाय धुत्यात व्हय? असली रीत कुठं हाय?"

"आजपासून हाय," मी म्हणाले. "आन् आक्का, एक ऐका. आत्याबाईची कंबर माझ्या पायगुणानं गेली न्हवती. टाचा घासताना गेलती. आठ दिसांखाली माझीबी तशीच गेली. ह्या पोरीचा त्यात काय संबंध न्हाई."

किशनराव मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, ते दुसरीकडे बघू लागले. सुभद्राबाईंनी माझ्या पायावर पाणी ओतलं. पाणी कोमट होतं.

पलीकडे समीक्षा मान खाली घालून उभी होती. तिला तिथून पायच दिसत असणार. तिनं हळूहळू मान वर केली आणि सगळ्यांदेखत माझ्या तोंडाकडे पाहिलं.