खुर्चीखालचा तुकडा

सोफे शिवणाऱ्या आकारामने काउंटरवर रेक्झीनचे नमुने पसरले आणि चंपाबाईंनी पिशवीतून काडेपेटी काढली.

"काकी, दुकानात समदा फोम भरलाय. आग लागली तर सांगलीपातुर धूर दिसंल," तो म्हणाला.

"मग बाहेर चल. पायरीवर लावू."

रूपालीने इकडेतिकडे पाहिलं. मिरजेत ओळखीचं कुणी भेटू नये, एवढीच तिची इच्छा होती. सासूबाईंची ही परीक्षा तिला नवी नव्हती. चपला, पाकीट, घड्याळाचा पट्टा, काहीही घरात यायचं तर आधी उंबऱ्याबाहेर थांबायचं. चंपाबाईंचा जावई पहिल्यांदा सासुरवाडीला आला, तेव्हा कमरेचा पट्टा काढून एका हाताने पँट सावरत जेवायला बसला होता. चंपाबाईंनी अठराव्या वर्षी मुनीमहाराजांपुढे नियम घेतला होता: चामडं घरात आणायचं नाही, अंगाला लागू द्यायचं नाही. त्यांची पंचाहत्तरी जवळ आली होती आणि नियम अजून अभंग होता. गल्लीतली जैन घरं आपल्या सुनांना त्यांचं उदाहरण द्यायची.

रूपालीचं साताऱ्याचं माहेरही जैनच, पण तिथं एवढं कुणी बघत नसे. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या खांद्याला वडिलांनी दिलेली तपकिरी पर्स होती. चंपाबाईंनी ती उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी पर्स तिथं नव्हती. रूपालीने कधी विचारलं नाही, आणि ती विसरलीही नाही.

आता समीक्षाला, म्हणजे रूपालीच्या लेकीला, बघायला मंडळी यायची होती. फाटका सोफा आकारामने कालच टेम्पोतून नेला होता. आज फक्त कापड निवडायचं होतं.

पायरीवर चंपाबाईंनी एकेका नमुन्याला काडी लावली. प्रत्येक तुकडा वितळला, काळा धूर सोडून आकसला आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला. केस जळाल्यासारखा, चामड्याचा वास एकालाही आला नाही; सगळे पास झाले. पण चंपाबाईंचं मन भरेना.

"हे बघ, मला असलं पायजे," म्हणत त्यांनी पिशवीतून बोटभर लांबीचा गडद तपकिरी तुकडा काढला. त्यांच्या खुर्चीच्या बैठकीखाली दुमडलेल्या भागातून तो रूपालीनेच सकाळी कात्रीने कापून दिला होता. "रेक्झीन असावं तर असं. नऊ वर्सं बसतीया मी त्याच्यावर. एक चीर न्हाई. उन्हाळ्यात पाठ भाजत न्हाई, का चिकटत न्हाई."

आकारामने तुकडा हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि लगेच परत दिला.

"असला माल न्हाई मिळत आता, काकी. त्यो करड्या रंगाचा बघा की, लय खपतो."

"का मिळत न्हाई? शोध की."

"न्हाई मिळायचा."

ऊन वाढलं होतं. रूपालीला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. ती हसत, पण जरा तिखटपणेच म्हणाली, "आत्ती, सगळ्यांना काडी लावली, मग ह्यालाच का सोडलं? त्यालाही लावा, म्हणजे कुणावर अन्याय नको."

"लाव की! मला काय भ्या हाय?" चंपाबाईंनी तुकडा चिमटीत धरला आणि रूपालीने काडी ओढली.

तुकडा वितळला नाही. कडेने आक्रसला आणि काळा पडला. मग वास आला. चुलीवर केस पडावा तसा.

आकाराम दुकानात वळला आणि उगाच गठ्ठे लावू लागला. त्याने मागची बाजू का पाहिली होती, ते रूपालीला आत्ता कळलं: रेक्झीनच्या पाठीला कापड असतं, ह्याच्या पाठीला नव्हतं.

"दुसरी काडी लाव," चंपाबाई म्हणाल्या.

"आत्ती..."

"दुसऱ्या टोकाला लाव म्हनते न्हवं!"

तोच वास. चंपाबाईंनी तुकडा कागदात गुंडाळून रूपालीच्या हातात दिला आणि आपली बोटं पदराला न पुसता भिंतीला घासली. घासतच राहिल्या. रूपालीने हात धरला तेव्हा थांबल्या. रिक्षात बसताना त्यांनी विचारलं, "ही शीट कशाची हाय?" रिक्षावाला हसून "रेक्झीन, आज्जी," म्हणाला. तरी सांगलीला घरी पोचेपर्यंत त्या दांडीला धरून सीटच्या कडेवर टेकून राहिल्या.

ती खुर्ची नऊ वर्षांपूर्वी धनपालआप्पांनी, त्यांच्या नवऱ्याने, आणली होती. चंपाबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि जमिनीवर बसणं कायमचं संपलं. मिरजेतल्या एक डॉक्टरीणबाई परदेशी निघाल्या होत्या, त्यांच्या सामानातून ही उंच, रुंद हातांची खुर्ची आली. फॉरेनचं रेक्झीन, असं आप्पांनी सांगितलं होतं. तेव्हापासून चंपाबाईंचा सकाळ-संध्याकाळचा जप तिच्यातच बसून चाले.

सोफा गेल्याने बाहेरची खोली ओकीबोकी दिसत होती. खिडकीपाशी ती खुर्ची, आणि दाराजवळ लाल प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत आप्पा.

"ठरलं का कापड?" त्यांनी विचारलं.

"आवं, ही खुर्ची कशाची हाय?"

"कशाची म्हंजे? रेक्झीनची."

चंपाबाईंनी रूपालीकडून कागद घेतला, उलगडून त्यांच्या तोंडापुढे धरला. "वास घ्या."

आप्पांनी तुकड्याकडे पाहिलं. वास मात्र घेतला नाही.

"त्या डॉक्टरीणबाईनं फसवलं म्हनायचं आपल्याला," ते हळू आवाजात म्हणाले. "शिकल्याली मानसं..."

रूपालीला ते पटलं. असंच झालं असणार. देव्हाऱ्यापुढे माफी मागता येईल, महाराजांकडून प्रायश्चित्त घेता येईल. नकळत झालेल्या गोष्टीला वाट असते. ती तसं बोलणार, तेवढ्यात चंपाबाईंनी विचारलं, "तुमी ह्या खुर्चीत कवा बसलाय?"

आप्पांनी पेपराची घडी केली. मग घडीवर घडी.

"सांगा की. एकदा तरी?"

रूपाली आठवू लागली. पाहुण्यांनी घर भरायचं तेव्हा आप्पा भिंतीला टेकून उभे राहायचे. ताप आला तेव्हा याच लाल खुर्चीत कुडकुडत बसले होते, खिडकीपाशी नाही. 'ती तुझ्या सासूची गादी हाय, तिथं आपलं काम न्हाई,' असं म्हणून हसायचे. घरातले सगळे कौतुकाने हसायचे. या वयातही बायकोचा केवढा मान ठेवतात, म्हणायचे.

"तुमचाबी नियम हाय," चंपाबाई म्हणाल्या. "माझ्या संगट घेतलेला."

"अगं ऐक की. तू चार खुर्च्या परत धाडल्यास. एकीत बसवत नव्हतं तुला. रडायचीस. हिच्यात टेकलीस आन् बसल्या जागी झोप लागली. कितीक दिसांनी. मग कोन्त्या तोंडानं सांगू?"

"म्हंजे आणतानाच ठावं हुतं."

"व्हय."

"माझा नियम मोडलासा. आन् सवताचा सांभाळून ठेवलासा."

आप्पांनी पेपर खाली ठेवला. आवाज न चढवता चंपाबाई म्हणाल्या, "बसा तिच्यात."

"अगं..."

"माझ्यासाठी आणली न्हवं? माझ्यासाठीच बसा. एकदा."

आप्पा उठले. खिडकीपर्यंत गेले. खुर्चीच्या हाताकडे हात नेला. बोटं चामड्याच्या वर अधांतरी थांबली, आणि मागे आली. ते पाठमोरेच उभे राहिले.

"बघितलंस?" चंपाबाई म्हणाल्या. नवऱ्याला नव्हे, रूपालीला. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांवर त्या केव्हाच्या उभ्या होत्या. रूपालीने पटकन आप्पांची लाल खुर्ची ओढून त्यांच्यामागे सरकवली. त्यांनी आधी हाताने चाचपून पाहिली आणि मगच बसल्या.

"तुझी ती पर्स मी धुणंवालीला दिली हुती," त्या म्हणाल्या. "लय वर्सं वापरली तिनं. म्या तिला ती कवा दारात आणू दिली न्हाई."

"असू द्या, आत्ती," रूपाली म्हणाली.

खोलीत बसायला आता एकच जागा उरली होती, खिडकीपाशी. आप्पा त्या खुर्चीशेजारी उभे होते. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, रूपाली दोनदा डोकावून गेली, तरी ते उभेच होते.