कोपऱ्यातल्या डबीला ऊब

या, जरा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन झालं, गळाही मोकळा झालाय; आता माझ्या मामांची गोष्ट सांगतो. आहे एवढीशीच, पण मला एखाद्या आख्यानासारखी प्रिय आहे.

मामा रोपांचे वेडे. घरामागे त्यांचं काचघर होतं. मामी यंत्रांतली जाणकार. तिनं काचघरात साबणाच्या वडीएवढ्या बिनतारी डब्या टांगल्या. प्रत्येक डबी आपल्या जागेचं तापमान मोजायची आणि फक्त शेजारच्या डब्यांना सांगायची. त्यांचा आकडा ऐकून आपला थोडा त्यांच्याकडे सरकवायची. त्याही तसंच करायच्या. असं सांगत-ऐकत सगळ्या एकाच आकड्यावर येऊन ठेपायच्या. ती अख्ख्या काचघराची सरासरी. ती फार खाली आली की हीटर आपोआप सुरू.

"यांच्यात मुख्य कोण?" मामांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"आणि तरी भांडण नाही? म्हणजे आपल्या घरात शिकलेल्या नाहीत."

मला मात्र भजन आठवलं. तिथंही जो तो शेजारच्याचा सूर ऐकतो, आपला जरा सावरतो, आणि बघता बघता सगळ्यांचा एक होतो.

लांबच्या गार कोपऱ्यात मामांचा जीव अडकला होता. लेकीच्या नव्या अंगणात लावायला त्यांनी लिंबाची रोपं केली होती, तिच्याच जुन्या झाडाच्या बियांची. इतकी कोवळी, की ट्रे हलवला तरी मान टाकतील. त्या ट्रेवरची डबी रोज सकाळी दवानं भिजलेली दिसायची. मामांचं काळीज पाघळलं. त्यांनी ती पुसली आणि हीटरजवळ नेऊन टांगली. म्हणाले, "बिचारी एकटीच कुडकुडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर निम्मी रोपं माना टाकून पडलेली. डब्यांचं मात्र छान एकमत झालेलं, की काचघर उबदार आहे. हीटर केव्हाच बंद झाला होता.

मामा ट्रेपाशी मटकन बसले. "तुझ्या डब्या खोटं बोलल्या."

मामीनं हीटरजवळची डबी पाहिली आणि सगळं ओळखलं. रागावली नाही. "अहो, एकही खोटं बोललेली नाही. गार कोपऱ्याचं सांगणारी एकच होती. तिला तुम्ही इकडं आणून बसवलंत."

"अगं, मी तिला ऊब दिली."

"दिलीत. म्हणून तिचं गाऱ्हाणं संपलं. थंडी तिथंच राहिली."

मामा उठले. डबी पुन्हा जागेवर टांगून तिला म्हणाले, "बाई, तू आपली कुडकुडत जा." मग आपली शाल काढून ट्रेभोवती उभी केली, गार झोत अडेल अशी, आणि नुसत्या सदऱ्यावर तिथंच बसून राहिले.

"तुम्हाला थंडी वाजत नाही?" मामीनं विचारलं.

"माझं काय, मी मजेत."

"हो ना. म्हणून आपल्या घराची सरासरीही नेहमी मजेतच निघते." ती त्यांच्याजवळ टेकली. "आता खरा आकडा सांगा."

मामांनी सदरा गळ्याशी आवळून धरला. मग हळूच म्हणाले, "वाजतेय गं. कालपासून छातीही दुखतेय."

त्याच दिवशी मामी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. आणखी पुष्कळ वर्षं मिळाली त्यांना. वाचलेल्या रोपांतलं एक लेकीच्या अंगणात त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं.

आता मामा देवाघरी आहेत. घरात कुणी "कशी आहेस, कसा आहेस" विचारलं आणि तोंडात "मजेत" आलं, तर बोलण्याआधी माझ्या मामांना एकदा आठवा.