रविवारचा पाऊस

पावसाचे खोटे आकडे पकडायचे, हे माझं काम. हवामान खात्याच्या कुस्कोच्या कार्यालयात बसून मी सव्वीस वर्षं तेच करत आलेय. डोंगरात गावोगावी आमची केंद्रं आहेत. केंद्र म्हणजे खांबावर बसवलेला पत्र्याचा डबा आणि सोबत एक मापनळी. गावातलंच कुणीतरी रोज सकाळी सातला डब्यातलं पाणी नळीत ओततं, आकडा तक्त्यात लिहितं आणि महिनाअखेरीला तक्ता आमच्याकडे पाठवतं. ज्याला थंडीत उठायचा कंटाळा येतो, तो अंथरुणातूनच अंदाजपंचे लिहितो. अशा माणसाचे आकडे शून्यावर आणि पाचावर फार संपतात, तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो आणि सणाच्या दिवशी त्याच्याकडे कधीच पाऊस पडत नाही. या लोकांचा मला राग येतो आणि मी तो लपवत नाही. कार्यालयात माझ्या माघारी मला चाळणी म्हणतात.

त्या वर्षी जुन्या नोंदींची छाननी निघाली. विश्वासाच्या नोंदी ठेवायच्या, बाकीच्या कायमच्या वगळायच्या. वाय्याकुचा या केंद्रापाशी मी अडले. बावीस वर्षांच्या नोंदी, नोंदणारी बाई एकच, सतुर्निना कोरिमान्या. सोमवार ते शनिवार सगळं ठीक, आणि रविवारी शून्य. एखाददुसरा अपवाद सोडला तर बावीस वर्षं रविवारी शून्य. खाली दरीत, आठ किलोमीटरवर, तिंकाय गाव. तिथे नोंदणारे अबुंदियो मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे रविवारीही इतर वारांसारखाच पाऊस. मास्तरांचं अक्षर छापल्यासारखं. त्यांचा एक तक्ता नवशिक्यांना दाखवायला म्हणून मी कार्यालयाच्या भिंतीवर लावला होता. बाकीचे सहा दिवस दोघांचे आकडे मागेपुढे एकाच चालीनं चालत. म्हणून मी मास्तरांना प्रमाण धरलं आणि बाईच्या केंद्रापुढे ‘संशयास्पद’ असा शेरा मारला. जी आठवड्यातून एक दिवस थाप मारते, तिच्या उरलेल्या सहा दिवसांवर तरी का विसंबायचं? मात्र वगळण्याआधी केंद्राला भेट देण्याचा नियम होता. तसं पत्र पाठवलं आणि एका मंगळवारी गेले.

तिंकायपासून वर चालत अडीच तास लागले. बाई दारातच उभ्या होत्या. बुटक्या, डोक्यावर हॅट, वय साठीच्या अलीकडे. माझं पत्र हातातच होतं.

“या, इंजिनिअरबाई. हे दोनदा वाचलं मी. संशयास्पद म्हणजे काय हो? खोटारडी म्हणायचं असेल तर सरळ तसं म्हणा की.”

“तेच बघायला आलेय.”

“बघा ना. पण आधी बटाटे खा. उपाशीपोटी माणूस जरा जास्तच संशय घेतं.”

उकडलेले बटाटे, घरचं चीज आणि मुन्या नावाच्या डोंगरी पुदिन्याचा गरम काढा. खाऊन झाल्यावर मी डबा बघायला गेले. खांब सरळ होता, भोवतीचं गवत कापलेलं होतं, डब्यात एक किडासुद्धा नव्हता. खोटं लिहिणाऱ्यांचे डबे असे नसतात. त्यांच्यात कोळी राहतात. मी जरा बुचकळ्यात पडले.

“रविवारी तुमच्याकडे पाऊस का पडत नाही?” मी विचारलं.

मंद पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “पडतो की. मी नसते.”

“कुठे असता?”

“तिंकायच्या बाजारात. पहाटे चारला चीज घेऊन निघते, परत यायला संध्याकाळ होते. चीज काय तुमच्या डब्यापाशी बसून विकू?”

“मग शून्य का लिहिता?”

“शिकवायला आलेल्या साहेबांनी सांगितलं होतं, एकही चौकट रिकामी ठेवायची नाही. मोजलंच नाही तर दुसरं काय लिहिणार? मनचं लिहू?”

“आणि रविवारचं पाणी?”

“ते कुठं पळून जातंय? डब्यातच असतं. सोमवारी सगळं मोजते.”

मी पिशवीतून तक्ते काढले आणि त्यांच्या अंगणातल्या बाकावर पसरले. सोमवार. एकेक वर्ष घेऊन बाईंच्या सोमवारांची बेरीज बघत गेले. मंगळवारच्या दुप्पट, बुधवारच्या दुप्पट, दर वर्षी. थाप मारणारी बाई रविवारचं पाणी सोमवारी परत देत नाही. मी बावीस वर्षांचे रविवार तपासत बसले होते आणि शेजारच्या रकान्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मला शरम वाटली, हे सांगून टाकते.

“तुमच्या नोंदी राहतील,” मी म्हणाले. “सोमवारच्या आकड्यापुढे दोन दिवसांचा पाऊस म्हणून खूण करू. बाकी काही बदलायचं नाही.”

“म्हणजे खोटारडी नाही?”

“नाही.”

त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, “माझी लेक एदित झाली ना, त्या सकाळीसुद्धा नवऱ्यानं नळी अंथरुणापाशी आणून दिली. आकडा मीच वाचला, त्याच्यावर नाही सोडला. साडेसहा मिलिमीटर होता. तो पण पुसणार होतात तुम्ही.”

मी तो दिवस शोधला. साडेसहाच होता.

इथवर सगळं चांगलं झालं होतं. मी तक्ते गोळा करायला लागले आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, “बाकी कमाल मास्तरांची. सत्तरी उलटली तरी रविवार चुकवत नाहीत.”

सतुर्निनाबाई खो खो हसल्या. “कोण, मास्तर? माझे कोंपाद्रे? अहो, त्यांचे गुडघे कधीच गेले. त्यांचा डबा चर्चच्या मागच्या टेकाडावर, ऐंशी पायऱ्या. ते कसले चढतात! ते माझ्याच वहीतून घेतात.”

“काय घेतात?”

“आकडे. दर रविवारी बाजारात माझ्या शेजारी स्टूल टाकून बसतात आणि आठवड्याचं सगळं उतरवून घेतात. वर पाऊस जास्त, खाली कमी, म्हणून दर दहाला दोन कमी करतात. मास्तर ना, गणिताला पक्के!”

“आणि रविवारचा आकडा?”

“तो माझ्याकडे नसतोच. तेवढा एक ते आपल्या मनानं घालतात.”

“किती वर्षं चाललंय हे?”

“बारा-तेरा झाली असतील. बाप्तिस्म्याला एदितला त्यांनीच हातात धरलं होतं, तिचे धर्मपिता आहेत ते, म्हणून माझे कोंपाद्रे. कोंपाद्रेला नाही कसं म्हणायचं?”

मी तक्ते परत उघडले, या वेळी तुलनेसाठी आणलेले मास्तरांचेही. बाईंचे साडेबारा, मास्तरांचे दहा. बाईंचे आठ, मास्तरांचे सहा पूर्णांक चार. बाईंचे वीस, मास्तरांचे सोळा. तेरा वर्षं एकही दिवस चुकलेला नव्हता. सोमवारची दुप्पटसुद्धा त्यांनी इमानेइतबारे उतरवून घेतली होती. दोन साक्षीदार एकच सांगतायत म्हणून मी खूश होते. प्रत्यक्षात साक्षीदार एकच होती आणि दुसरा तिच्या शेजारी बसून लिहून घेत होता. उतरवायला काही नसायचं त्या एकाच दिवशी दोघांचं पटत नव्हतं, आणि तेवढ्यावरून मी बाईला चोर ठरवलं होतं. मी वही काढून लिहायला सुरुवात केली.

बाईंचं हसू थांबलं. “काय लिहिताय?”

“मास्तरांचं.”

“त्यांचं कशाला? तुम्ही माझं बघायला आलात ना?”

“त्यांच्या तेरा वर्षांच्या नोंदी वगळाव्या लागतील.”

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी माझा हात धरला. “असं नका करू. एकटे असतात हो ते. त्यांचा तक्ता तुम्ही भिंतीवर लावलाय ना, ते आल्यागेल्याला सांगतात. मी आपली बडबड केली. त्यात काही खरं नाही.”

“खरं आहे. आकडे समोर आहेत.”

“मग असं करा, माझं पुसा. लिहा की सतुर्निना रविवारी खोटं लिहायची. मास्तर बरोबर, मी चूक. माझी बावीस वर्षं घेऊन टाका.”

“तसं असेल तर तुम्हाला स्वतःच्या हातानं लिहून सही करावी लागेल,” मी म्हणाले. नियम तसाच आहे. पण त्या वेळी मी तो का सांगितला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा त्या काय करतात ते बघायचं होतं.

मी कोरा कागद दिला. त्यांनी तो गुडघ्यावर घेतला. नाव लिहिलं, तारीख लिहिली, केंद्राचा क्रमांक लिहिला, सगळं त्याच सरळ उभ्या अक्षरात. मग पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. अंगणात मेंढ्या ओरडत होत्या, तिकडेही त्यांनी बघितलं नाही.

“जमत नाही हो,” त्या शेवटी म्हणाल्या. “जे झालंच नाही ते लिहू कसं?” कागद मला परत दिला आणि घागऱ्याच्या काठानं डोळे पुसले. मला तिंकायहून सुटणारी शेवटची गाडी गाठायची होती, म्हणून मी निघाले.

अहवाल मी आठवडाभरात दिला. वाय्याकुचाच्या नोंदी कायम, सोमवारी खूण. तिंकायची तेरा वर्षं रद्द. अहवालात माहिती कुठून मिळाली ते लिहावं लागतं, नाहीतर तो ग्राह्य धरत नाहीत. मी ‘सतुर्निना कोरिमान्या, प्रत्यक्ष भेटीत’ असं लिहिलं आणि नियमाप्रमाणे एक प्रत मास्तरांना गेली. त्यांचं उत्तर आलं, छापल्यासारख्या अक्षरात. सर्व खरे आहे, केंद्र दुसऱ्या कुणाकडे द्यावे, एवढंच. भिंतीवरचा तक्ता मी काढला. तिथे आता सुट्ट्यांची यादी आहे.

सतुर्निनाबाईंना मी कळवलं होतं की यापुढे रविवारची चौकट रिकामी ठेवली तरी चालेल. तीन महिन्यांनी तक्ते हातात आले. रविवारी तीन पूर्णांक दोन. रविवारी सात पूर्णांक सहा. रविवारी कोरडं, रविवारी अकरा पूर्णांक चार. सवयीप्रमाणे आधी मला शंकाच आली, की बाई आता मनचं लिहायला लागल्या. शेवटचे अंक तपासले, पुन्हा पुन्हा येणारे आकडे तपासले. सोमवारची दुप्पट गेली होती. आकडे निर्मळ होते.

मी फोन लावला.

“रविवारी मोजता तुम्ही?”

“हो. सातला.”

“आणि बाजार?”

“नाही जात आता. चीज शेजारीण नेते.” मग म्हणाल्या, “तिथं माझी बसायची जागा एकच होती ना, कोंपाद्रेच्या शेजारी.”

मी समोरचा तक्ता पुन्हा चाळला. त्यांनीच विचारलं, “तक्ता बरोबर आहे ना, इंजिनिअरबाई?”

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “एकही दिवस सुटलेला नाही.”

फोन ठेवला आणि वाय्याकुचाच्या पुढे, दर्जाच्या रकान्यात, ‘उत्तम’ असं लिहिलं.