माझ्या मोटरने घातलेला वारा

मित्रांनो, मी एक जुने, दोन हौदांचे वॉशिंग मशीन आहे. निदान माझा निम्मा भाग तरी आहे. उरलेल्या भागाचे काय झाले, हीच माझी कहाणी.

माझा जन्म बर्फाळ सोव्हिएत देशातला. एका हौदात कपडे धुवायचे आणि शेजारच्या अरुंद हौदात ते गरगर फिरवून पिळायचे, अशी माझी रचना होती. पिळणारी मोटर लहानशी, पण कमालीची चपळ. एका वेळी पाच मिनिटेच ती चालवावी आणि मग तिला विसावा द्यावा, असे माझ्या झाकणावर स्पष्ट लिहिले होते. ते रशियन भाषेत होते आणि मी आले क्यूबात. सूचना वाचता येत नाही म्हणून ती मोडण्याचा अधिकार मिळतो, हे तत्त्व मला इथेच कळले.

प्लासेतास गावातल्या चिरूट कारखान्याच्या वाट्याला त्या वर्षी एकच मशीन आले होते. ते कोणाच्या घरी जावे, हे ठरवायला कामगारांची सभा भरली. एकेकाचे गुण बोलून दाखवायचे आणि मग हात वर करायचे, अशी तिथली रीत. ओबदुलिया कारखान्यात वाचक होती. कामगार चिरूट वळत असत आणि ती उंच खुर्चीवर बसून त्यांना सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी वाचून दाखवत असे. क्रेसेन्सिओ नावाचा जुना कामगार उठला आणि म्हणाला, "आम्ही राबतो हातांनी. ही बाई राबते जिभेने. तिला कपडे धुवायला मशीन कशाला?"

ओबदुलिया शांतपणे म्हणाली, "बरं तर क्रेसेन्सिओ, उद्यापासून जिभेला सुट्टी. नायिकेचं पुढे काय झालं ते तूच सांग सगळ्यांना."

कामगारांनी तंबाखूची पाने कापायची आपली पाती मेजांवर आपटली. तिथे टाळ्या अशाच वाजतात. मी ओबदुलियाच्या घरी आले. पुढे कितीतरी वर्षे ओबदुलिया हा प्रसंग अंगणात येणाऱ्या प्रत्येक शेजारणीला सांगत असे, म्हणून तो मला तोंडपाठ आहे.

ती वर्षे माझ्या वैभवाची होती. माझ्यावर भरतकाम केलेला रुमाल असे. कपडे फिरत असताना ओबदुलिया दुसऱ्या दिवशीचे प्रकरण मोठ्याने वाचून सराव करी. अशा रीतीने मी तीनएकशे कादंबऱ्या ऐकल्या. त्यांतल्या बहुतेक मत्सरावर उभ्या होत्या. तो दुर्गुण मला तेव्हा फारच बटबटीत वाटे.

मग ज्या देशाने मला घडवले, तो देशच नाहीसा झाला. माझी हमी ज्याने घेतली होती, तो जामीनच जगाच्या नकाशावरून पुसला गेला. सुटे भाग येईनात. वीज आली तर येई. त्याच उन्हाळ्यात ओबदुलियाची मुलगी नेरेइदा बाळंत झाली आणि आठवड्याभरात घरातला एकुलता एक पंखा जळाला. तान्ह्या ओदालिसच्या मानेवर, काखेत, पाठीवर घामोळे उठले. पोर झोपेना, म्हणून घर झोपेना.

तेव्हा एरादिओ आला. हा गावातला दुरुस्तीवाला. मेलेल्या वस्तूला तो उठवी, पण त्यासाठी एखादी जिवंत वस्तू शोधी. त्याने माझे मागचे पत्रे काढले, पिळणारी मोटर सोडवली आणि म्हणाला, "मावशी, ही उसनी घेतोय. नवा पंखा मिळाला की तुमच्यासमोर परत बसवतो."

मला कोणी विचारले नाही. यंत्राला विचारण्याची पद्धत कुठेच नाही, हे मी जाणते. तरी नोंद असावी.

जुन्या टेलिफोनचे बूड, खाणावळीच्या ॲल्युमिनियमच्या ताटातून कापलेली तीन पाती आणि मध्ये माझी मोटर, असा तो पंखा झाला. पाती वाकवताना त्याने एक चूक केली. ती मोटर कोणत्या दिशेने फिरते, हे त्याने आधी पाहिलेच नाही. त्यामुळे पंखा सुरू झाला आणि वारा मागच्या भिंतीला लागू लागला. एरादिओने क्षणभर विचार केला आणि पंखाच उलटा ठेवला. तेव्हापासून तो बाळाकडे पाठ करूनच वारा घाली. आवाज विमानासारखा, पण ओदालिस त्या आवाजात तासाभरात झोपली.

आणि कौतुक सुरू झाले. शेजारणी येत, पंखा पाहत आणि एरादिओच्या डोक्याचे गोडवे गात. "ओदालिसचा रशियन" असे पंख्याचे नाव पडले. नेरेइदा त्याची पाती ओल्या फडक्याने पुसे. खोलीतून त्याची घरघर ऐकू आली की मी अंगणात जळत असे. तो आवाज माझा होता. ती चपळता माझी होती. परक्याच्या यशाचा हेवा वाटावा, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. मला मात्र स्वतःच्याच काळजाचा हेवा करावा लागला.

इकडे ओबदुलिया चादरी हातांनी पिळू लागली. तिच्या बोटांचे सांधे सुजले. एरादिओच्या डोक्याची वाहवा करणाऱ्या एकीचेही त्या बोटांकडे लक्ष गेले नाही.

मी एकाच आशेवर होते: नवा पंखा. ओदालिस चालू लागली त्या वर्षी कारखान्यात तो आला. एकच. पुन्हा सभा भरली आणि या वेळी ओबदुलियाच्या नावाला कोणाचा विरोध नव्हता. संध्याकाळी ती घरी आली, ती रिकाम्या हातांनी. नेरेइदा अंगणात कपडे वाळत घालत होती.

"क्रेसेन्सिओच्या बायकोला दमा आहे," ओबदुलिया म्हणाली. "तिचं नाव मीच सुचवलं. आपल्याकडे चालतोय की पंखा."

"आई, बोटं बघ तुझी."

"पान उलटण्यापुरती पुरतात."

आयजीच्या जिवावर बायजी उदार, मित्रांनो. मला मान्य आहे की ते दान थोर होते, आणि ज्याने तिची चेष्टा केली त्याच्याच घरी गेले म्हणून अधिकच थोर. पण तिने आपली बोटे दिली ती विचार करून. माझी मोटर दिली ती विचार न करता. त्या रात्री मी मनापासून इच्छा केली की तो पंखा जळावा. त्याच्यापुढे एक मूल झोपले आहे, हे मला ठाऊक होते. तरीही केली.

पंखा जळला नाही. पाच मिनिटांसाठी बनलेली ती मोटर अकरा वर्षे चालली. एके दुपारी ती आपोआप मंदावली आणि थांबली. एरादिओने तपासून मान हलवली. ओदालिस रडली; मी मोडले तेव्हा कोणी रडले नव्हते.

ओबदुलियाने पंखा फेकला नाही. तिने तो अंगणात आणला, माझ्या अरुंद हौदाचे झाकण उघडले आणि सुजलेल्या हातांनी त्याला आत ठेवले.

"घे, तुझं तुला," ती म्हणाली. "उशीर केला मी."

एवढे शब्द ऐकायला मी अकरा वर्षे थांबले होते. मित्रांनो, मोडलेली वस्तू जरूर दुरुस्त करा. पण ती ज्याच्या अंगातला तुकडा काढून उभी केलीत, त्याच्या पाठीवरही एकदा फडके फिरवा. आणि कपडे पिळणारे हात कोणाचे आहेत, ते पाहा.

मोटर आता पुन्हा माझ्या पोटात आहे. तिच्या अंगाला अजून बाळाच्या पावडरीचा वास येतो. मला त्याचाही हेवा वाटतो.