दोन नावांची गोळी

"अहो, किती वेळ दाबून धरलाय तो टॉवेल?" डबा घेऊन दुकानात शिरलेल्या काकूंनी विचारलं.

"ब्लेड निसटलं जरा," काका आरशातूनच म्हणाले. त्यांनी टॉवेल उचलला आणि हनुवटीवरून रक्ताची रेघ पुन्हा मानेकडे निघाली. तुरटी लावून झाली होती, कापूस दाबून झाला होता. रक्त थांबायचं नाव घेत नव्हतं.

खुर्चीत बसलेले पोस्टमास्तर हसले. "काका, आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलात, कुणाला साधा ओरखडा नाही. आणि आज स्वतःवरच हात साफ केलात!"

काकाही हसले. काकूंना मात्र हसू आलं नाही. त्यांचं लक्ष काकांच्या हाताकडे गेलं होतं. कोपराजवळ तळहाताएवढा काळानिळा डाग होता.

"हे काय?"

"खुर्चीचा दांडा लागला असेल. तू पण ना, लगेच सुरू होतेस."

काकूंनी डबा ठेवला आणि त्या घरी आल्या. हा सगळा त्या नव्या गोळीचा प्रताप आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

काकांच्या हृदयात धातूची झडप होती. ती बसवली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन बजावलं होतं, "रक्त पातळ ठेवणारी ही गोळी रोजच्या रोज. चुकली तर झडपेवर गाठ धरेल, आणि मग माझ्या हातात काही नाही." तेव्हापासून ती छोटी गुलाबी गोळी काकूंनी कधी चुकवली नव्हती. रोज काका झोपले की त्या त्यांच्या छातीशी कान नेत. आत घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली की मगच दिवा मालवत.

मागच्या तपासणीला डॉक्टर बदलले होते. नव्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहिलं, आणि दवाखान्याच्या खिडकीतून साधी पांढरी गोळी मिळाली. "आठवड्यानं रक्त तपासून घ्या," असंही ते म्हणाले होते. काकांना दुकानातून सवड झाली नाही.

"फुकट वाटतात त्यात काय दम असणार?" काकूंनी घरी येताच तोंड उघडलं होतं.

मुलगी शाळेत शिकवायची. ती हसून म्हणाली, "आई, मी तुला आई म्हणते, गल्ली तुला काकू म्हणते. बाई एकच ना? तसंच आहे हे. आतलं औषध तेच, तेवढंच. पहिल्या कंपनीनं आपलं नाव दिलं, रंग दिला, जाहिरात केली. बाकीच्या कंपन्या तेच औषध साध्या नावानं विकतात. रक्तात तेवढंच उतरतं की नाही, हे तपासल्याशिवाय परवानगीच मिळत नाही."

"रंग वेगळा, आकार वेगळा, आणि औषध तेच?"

"डॉक्टरांनी दिलंय ना? मग झालं तर," काका म्हणाले. त्यांचं असंच होतं. वाद नको. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी स्वतःच्या हातानं पांढरी गोळी घेऊ लागले.

काकूंनी मात्र फडताळ उघडून पाहिलं. गुलाबी गोळ्यांची पाकिटं शिल्लक होती. संध्याकाळी त्यांनी दोन चमच्यांमध्ये एक गोळी चिरडली आणि काकांच्या दुधात ढवळली. नव्या गोळीत दम नसेल तर ही आहेच, आणि असेल तर जास्तीची ताकद मिळेल. औषधानं कुणाचं वाईट होतं का?

"दूध आज कडवट लागतंय गं."

"साखर विरघळली नसेल."

मग हे रोजचंच झालं. हनुवटी कापली त्या संध्याकाळी काकूंनी दोन गोळ्या चिरडल्या; नव्या गोळीनं केलेला बिघाड जुनीच्या जोरावर भरून निघेल, असा त्यांचा हिशोब होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चूळ भरली तेव्हा मोरीत गुलाबी फेस वाहून गेला. काकूंनी त्यावर पाणी ओतलं आणि संध्याकाळी पुन्हा दोन चमचे हातात घेतले.

पुढच्याच सकाळी, पोस्टमास्तरांचे केस अर्धे कापून झाले असताना, काकांनी कपाळ धरलं. "डोकं फुटतंय हो," म्हणाले. मग कात्री हातातून सुटली आणि ते खुर्चीला धरून खाली बसले.

इस्पितळाच्या व्हरांड्यात पोस्टमास्तर गळ्यात दुकानाचं कापड तसंच घेऊन बसले होते. एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच. कुणालाही हसू येत नव्हतं.

"मेंदूत रक्तस्राव झालाय," आतून आलेले डॉक्टर म्हणाले. "रक्त नको इतकं पातळ झालंय. गोळीचा परिणाम उतरवणारं इंजेक्शन दिलंय. गोळ्या किती घेत होते?"

"एकच. सकाळी. पांढरी," मुलीनं सांगितलं. तिचा आवाज फाटला. "मीच म्हटलं होतं, घ्या म्हणून. माझ्यामुळे झालं हे."

डॉक्टरांनी काकांचे जुने कागद चाळले. "इतकी वर्षं हाच डोस नीट चालला. म्हणजे एक तर ह्या गोळ्यांत दोष आहे, नाहीतर यांचं शरीर बदललंय. गोळ्या तपासायला पाठवतो. पुन्हा सुरू करताना डोस निम्मा ठेवू."

"निम्मा?" काकूंनी विचारलं. "मग झडप?"

"धोका आहेच. पण दुसरा इलाज दिसत नाही."

मुलगी भिंतीला टेकून रडत होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. तोंड मिटून बसलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं.

"डॉक्टरसाहेब, गोळी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "जुनीही मी देत होते. दुधातून. शेवटी शेवटी तर दोन."

मुलीचं रडणं मध्येच थांबलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. रागावतील असं वाटलं होतं, पण ते हळूच म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता डोस कमी करायची गरज नाही. काकू, ती दोन औषधं नव्हती हो. एकाच औषधाची दोन नावं होती."

काका वाचले. उजवा हात गेला, शब्द जिभेवरच अडखळायला लागले. काय घडलं ते मुलीनं त्यांना सांगितलं. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. त्यानंतर काकूंनी औषधाला हात लावला नाही. खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून राहायच्या.

झडपेसाठी पांढरी गोळी पुन्हा सुरू झाली, त्या सकाळी सिस्टर वाटी घेऊन आल्या. काकांनी ओठ घट्ट मिटले. मुलीनं समजावलं, तिलाही दाद नाही. मग डावा हात चादरीवरून सरकत सरकत पायथ्याकडे आला आणि उताणा पडून राहिला.

"तुमच्याच हातून हवी दिसतेय, काकू," सिस्टर म्हणाल्या.

काकू उठल्या. नळाशी जाऊन त्यांनी हात धुतले. बराच वेळ धुतले. परत येऊन वाटीतली गोळी उचलली.

गोळी कुठली, कोणत्या रंगाची, हे काकांनी पाहिलंही नाही. काकूंकडे बघत त्यांनी तोंड उघडलं.